तार, पत्ता की नाव

"नेट गेलं" एवढंच सांगून आमच्या घरमालकांकडे भागत नसे. कोणी भाडेकरू असं म्हणत दारात उभा राहिला की काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारत, "काय गेलं? तार, पत्ता की नाव?"

तार गेली म्हणजे खोलीतल्या वायरीच्या टोकाचा हिरवा दिवा लागत नाही. पत्ता गेला म्हणजे दिवा लागतोय, पण आपल्या कॉम्प्युटरला घराकडून जो आकडा मिळायला हवा तो मिळालेला नाही. आणि नाव गेलं म्हणजे दिवाही आहे, आकडाही आहे, पण साइटचं नाव टाकलं की ते कुठे राहतं हे कॉम्प्युटरला सापडत नाही. यातलं नेमकं काय झालंय हे बघून यायचं, मगच काका उठणार. बघून आला नसाल तर ते परत पाठवत. रागावून नाही, दुकानात पिशवी विसरून आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवावं तसं.

पहिल्या महिन्यात मला याचा संताप यायचा. मी वसईच्या एका फॅब्रिकेशनवाल्यासाठी घरून ड्रॉइंग करत असे आणि ती मेलने पाठवायची असत. तिकडून फोनवर फोन, आणि इकडे हे गृहस्थ मला वायरीचा दिवा बघून यायला सांगतायत. पण दोनेक महिन्यांत मलाही सवय झाली. तळमजल्यावर उत्तर प्रदेशातले दोन वेल्डर राहायचे. तेसुद्धा दारात येऊन म्हणायचे, "चाचा, तार है, पता है, नाम नहीं मिल रहा." हे ऐकलं की काकांचा चेहरा उजळायचा. ते लगेच उठायचे.

बोईसरहून पामला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर होतं. पुढच्या बाजूला ते आणि काकू, मागे आणि वर मिळून चार खोल्या भाड्याने. माझ्या नवऱ्याला औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून आम्ही तिथे आलो आणि दुसरीकडे घर बघेपर्यंत म्हणता म्हणता कैक वर्षं राहिलो. त्या काळात टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं. खोलीखोलीला वेगळी जोडणी घेणं कोणालाच परवडलं नसतं, आणि मिळायलाही दिवस लागायचे. काकांनी एकच जोडणी घेऊन ती सगळ्या घराला वाटली होती. त्यासाठी जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवलेला होता. ते त्याला पेटी म्हणत.

पेटीला माउस नव्हता. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. आत युनिक्स होतं. हा शब्द काका अगदी हळू, दोन तुकडे करून उच्चारत. पेटीच्या पाठीला दोन जागी वायरी खोचलेल्या. एक तार बाहेर जाणारी, टेलिफोनकडे. दुसरी आत येणारी, आमच्या खोल्यांकडे. आमच्यापैकी कोणाचंही काहीही बाहेर जायचं असलं तर आधी पेटीकडे यायचं, पेटी ते स्वतःच्या नावावर बाहेर पाठवायची, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला आणून द्यायची. बाहेरच्या जगाला आमचं सगळं घर म्हणजे एकच कॉम्प्युटर दिसायचं. काकांनी मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं की म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनसारखं. त्यांना ते आवडलं नाही. वॉचमन झोपतो, असं ते म्हणाले.

ते एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवर होते. मीटर लावणं, तपासणं, त्यांचे काटे जागेवर आणणं. निवृत्त झाले तरी ते काम अंगातून गेलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक वस्तूला अॅल्युमिनियमची चकती लावलेली असे आणि तिच्यावर ठोकून काढलेला नंबर. नळाला नंबर, पंख्याला नंबर, आमच्या खोलीत येणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना नंबर. तुळशीलाही लावलेला होता. तो काकूंनी काढून टाकला.

बोईसरची हवा तांब्याला मानवत नाही. वारा वसाहतीकडून वाहायला लागला की घशात आंबट वास बसतो, आणि तीच हवा कॉम्प्युटरच्या आतल्या पट्ट्यांवरही बसते. त्या काळ्या पडतात. म्हणून काका अधूनमधून रविवारी सकाळी पेटी बंद करत, आतली कार्डं काढून वर्तमानपत्रावर मांडत आणि शाळेतल्या खोडरबराने त्यांची टोकं घासत बसत. आम्हा सगळ्यांना आधी कळवलेलं असे. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला वाटायचं यांच्याकडे नातवंडं आहेत. तो एकदा मला म्हणाला, तुमच्या काकांकडची पोरं फार चुका करतात वाटतं.

वाटणीबाबत ते अगदी कडक होते. चारही खोल्यांना सारखा हिस्सा, आणि तो पेटीतच लिहून ठेवलेला. कोणी सिनेमा उतरवायला लावला तर दुसऱ्याच्या हिश्शाला धक्का लागत नसे, त्याचाच सिनेमा रांगत राहायचा. स्वतःच्या घरालाही त्यांनी तेवढाच हिस्सा ठेवला होता. मालक म्हणून जरा जास्त ठेवावा असं काकूंचं म्हणणं होतं. काकांनी ते ऐकलं नाही.

एकदा समोरच्या खोलीत एक भाडेकरू आला. त्याची पाळीची नोकरी होती आणि बायको दिवसभर घरी. त्याने एका संध्याकाळी काकांना विचारलं की मी कामावर असताना माझी बायको नेटवर काय बघते, कोणाशी बोलते, हे तुमच्या पेटीत दिसतं का. मी जिन्यावर कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

काका म्हणाले, "किती गेलं ते मी बघतो. काय गेलं ते बघत नाय."

तो म्हणाला, पण बघता येतं ना? काका म्हणाले, येतं. मग पुन्हा दोनचार दिवसांनी त्याने तोच विषय काढला तेव्हा काकांनी त्याला दुसरी खोली शोधायला सांगितलं. काकूंना ते पटलं नाही, चांगला भाडेकरू गेला म्हणून. मला मात्र त्या दिवसापासून या माणसाविषयी विश्वास वाटायला लागला. काकांच्या त्या वाक्याला आणखी एक बाजू आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ती कळली ती अशी. एका संध्याकाळी माझी ड्रॉइंग जात नव्हती. मी तार, पत्ता, नाव सगळं बघून खाली आले. काका आंघोळ करून, लुंगी आणि बनियन घालून पेटीसमोर बसले होते. रोज त्या वेळी ते तिथे असत. काकू तिकडे देवाला उदबत्ती लावायच्या, आणि तिची राख पेटीच्या पंख्यात जाईल म्हणून काका मधलं दार ओढून घ्यायचे. मी मागे उभी राहिले. त्यांनी पेटीला विचारलं की आत्ता आत कोण कोण आहे. युनिक्समध्ये तसं विचारता येतं. जे कोणी पेटीत शिरलेलं असेल त्यांची नावं येतात. मला वाटलं एकच नाव येईल. दोन आली. एक काकांचं. दुसरं मी कधी ऐकलेलं नव्हतं.

मी घाबरून म्हटलं, "काका, बाहेरून कोणीतरी आत शिरलंय."

"असू दे," ते म्हणाले.

मी काही बोलणार होते, पण ते त्या नावाकडे ज्या तऱ्हेने बघत होते ते पाहून गप्प राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा दुसरं नाव नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून काय अडलंय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकू ओट्यावर वाळवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. मी मदतीला बसले आणि सहज विषय काढला. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "तो आमचा पोरगा हाय."

त्यांना एक मुलगा आहे आणि तो बंगळूरला असतो एवढं मला माहीत होतं. तो कधी येत का नाही, हे विचारण्याइतकी जवळीक झालेली नव्हती. त्या दिवशी काकूंनीच सगळं सांगितलं.

ती पेटी मुलानेच बनवली होती. पालघरला इंजिनिअरिंगला असताना, कोणत्यातरी ऑफिसातून मोडीत निघालेले कॉम्प्युटर आणून, बाप-लेकांनी मिळून. काकांना युनिक्स शिकवलं ते त्यानेच. काकू म्हणाल्या, तेव्हा दोघं जेवायलाही उठायचे नाहीत.

काकूंचं माहेर किनाऱ्यावरचं, मासेमारीचं. त्यांच्या मोठ्या भावाची होडी होती. त्या सुमारास खाडीत मासे मरून वर यायला लागले. गावकऱ्यांनी तक्रार केली, काकांच्या कंपनीचं नाव घेतलं, आणि मग एका शाळेच्या हॉलमध्ये अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. कंपनीने आपल्या बाजूने बोलायला काकांना पाठवलं. मीटरवाले म्हणून, आणि गावचे जावई म्हणूनही असेल. काकांनी उभं राहून सांगितलं की बाहेर जाणारं पाणी किती आहे ते मीटरवर दिसतं, तो मीटर मी स्वतः तपासलेला आहे आणि तो बरोबर आहे. होडीवाले चिडले. पण त्यांच्यातून जो उठला तो यांचा मुलगा होता, मामाच्या शेजारी बसलेला.

"सगल्यांच्या समोर म्हणाला," काकू सांगू लागल्या, "बाबा, किती गेलं ते सांगितलंत. काय गेलं ते सांगा."

माझ्या हातातले सोडे तसेच राहिले.

काकांनी उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर दोघांचं जे काही झालं ते काकूंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलगा शेवटची परीक्षा देऊन गेला तो गेलाच. भावानेही येणं सोडलं. काकू माहेरी एकट्या जायच्या, भावजयीशी बोलून परत यायच्या. मुलाचा फोन आठवड्याने त्यांना यायचा. तो आला की काका अंगणात निघून जायचे. पण मुलाने जाताना पेटीत शिरायची वाट ठेवली होती आणि काकांनी ती बंद केली नाही. तिकडून तो दोनचार दिवसांआड आत यायचा. पेटी तापली आहे का, जागा भरली आहे का, हे बघायचा, जुनं काही साचलं असेल ते साफ करायचा, नवीन काही आलं असेल ते घालायचा आणि जायचा. त्याने कधी एक ओळ लिहून ठेवली नाही. काकांनीही नाही. तो येऊन गेला एवढंच काका बघायचे.

"झाडलोट करून जातो," काकू म्हणाल्या. "आता ह्याला काय भेटणं म्हणायचं का? पण ह्यांना तेवढंच पुरतं."

मला वाटतं काकूंना ते पुरत नव्हतं. त्यांनी तसं म्हटलं नाही.

पुढे काही वर्षांनी गल्लोगल्ली फायबर यायला लागलं. केबलवाला येऊन सांगून गेला की एक पांढरी डबी बसवून देतो, वेग कितीतरी पट, वायरीही नकोत. वेल्डर खूश झाले. मी तर फारच. आमची टेलिफोनची तार तोवर अगदी जीर्ण झाली होती. रस्त्याचं काम निघालं की तुटायची, जोडायला माणूस येईपर्यंत दिवस जायचे. काका केबलवाल्याला म्हणाले, बघू. पुढल्या महिन्यात पुन्हा म्हणाले, बघू. तार दिवसातून अनेकदा जायला लागली. माझं एक मोठं काम हातचं गेलं, आणि माझा नवरा म्हणाला की आता दुसरीकडे घर बघूया.

म्हणून मी काकांशी सरळ बोलायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. माझं नुकसान झालं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग म्हणाले की त्या नव्या जोडणीला स्वतःचा पत्ता नसतो. केबलवाला अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता देतो. जसं पेटी आमच्या चार खोल्यांचं करते तसंच तो चारशे घरांचं करतो. आतून बाहेर कोणीही जाऊ शकतं. बाहेरून आत मात्र कोणाला येता येत नाही, कारण नेमकं कोणतं घर हे सांगायला पत्ताच नसतो.

ते काय म्हणतायत हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, यावर काही तोड नाही का?

"असणार," ते म्हणाले. "त्याला म्हायत असेल. मला नाय."

"मग त्याला विचारा."

काका उठले आणि नळ टपकत नसताना तो घट्ट करायला गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात खोदणाऱ्या यंत्राने रस्त्याकडेची केबल मुळातून उपटली. टेलिफोनच्या ऑफिसातून सांगितलं की आता ही जोडणार नाही, फायबर घ्या. काका घरी आले आणि पेटीसमोर बसले. पेटी चालूच होती, सगळे दिवे लागलेले. पण बाहेर जायला वाटच नव्हती. खोल्यांतून कोणी तक्रार करायला खाली आलं नाही. तार गेली होती हे सगळ्यांना दिसत होतं.

तसे तीनचार दिवस गेले असतील. दुपारी मी काकूंचा डबा परत करायला खाली गेले. दोघं जेवायला बसली होती. काकूंचा फोन वाजला. बंगळूरचा. आठवड्याचा वार नव्हता, म्हणून काकूंनी घाईने घेतला. काका सवयीने ताटावरून उठायला लागले. मुलाचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. तो विचारत होता, आई, पेटी उत्तर देत नाही, काय झालं? बाबा बरे आहेत ना?

काकूंनी एकदा काकांकडे बघितलं. "मी नाय सांगणार," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पेटीचं मला काय कलतंय? ज्याला कलतंय त्याला इचार." आणि फोनचा आवाज मोठा करून त्यांनी तो काकांच्या ताटाशेजारी ठेवला. मग भाताचं पातेलं उचलून आत गेल्या. मला जायला हवं होतं, पण दाराच्या आणि माझ्या मध्ये काका अर्धवट उठलेले, आणि त्यांना ओलांडून जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

काका पुन्हा खाली बसले. तिकडे मुलगा वाट बघत होता.

"तार गेली," काका म्हणाले.

"कायमची?"

"हो. आता फायबर. पत्ता मिळणार नाय."

मुलगा म्हणाला, त्याने काही अडत नाही. मग तो समजावायला लागला. बाहेरून आत येता येत नसेल तर पेटीनेच आतून बाहेर दोरी टाकायची, माझ्याकडच्या कॉम्प्युटरपर्यंत, आणि ती सोडायची नाही. मी त्या दोरीने आत येईन. काकांनी मला खुणेने पेन मागितलं. मी कपाटावरचं काढून दिलं. डाव्या हाताने त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं; उजवा उष्टा होता म्हणून मग लिहायला मीच बसले. मुलगा एकेक अक्षर सांगत होता, काका ते मोठ्याने परत म्हणत होते आणि मी लिहीत होते. मध्ये जागा सोडायची की नाही यावर त्यांचा वादही झाला. काकांचा भात वाळून गेला. इतक्या वर्षांनी बोलत होते, आणि जे बोलत होते त्यात एकही घरगुती शब्द नव्हता. आतून भांड्याचा आवाज येत नव्हता.

लिहून झालं. मुलगा म्हणाला, बसवून झालं की आईला सांगा, मी इकडून बघतो. तो आता फोन ठेवणार असं वाटलं.

"ऐक," काका म्हणाले. ताटाकडे बघत राहिले.

"तो मीटर बरोबर होता," ते म्हणाले.

"बाबा, जाऊ द्या."

"मीटर बरोबर होता. पण मीटरच्या आधी पाइपाला एक फाटा होता. पावसाळ्याच्या नाल्याकडे जाणारा. त्यातलं पाणी मीटरपर्यंत यायचंच नाय. मला म्हायत होता तो."

मग मुलाने विचारलं, "तेव्हा माहीत होता?"

"तेव्हाच."

मुलाचा आवाज बदललेला होता. तो म्हणाला की आता कंपनी राहिली नाही, ते मालक राहिले नाहीत, हे आता कोणाला सांगून काय होणार. त्यात राग नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं तो बोलत होता.

"तुझ्या मामाला सांगाया पायजे," काका म्हणाले.

काकू आतून बाहेर आल्या. त्यांनी फोन उचलला, मुलाला म्हणाल्या मी संध्याकाळी करते, आणि बंद केला. काकांचं ताट उचलून त्यांनी दुसरं वाढून आणलं. मी निघाले.

पुढच्या रविवारी सकाळी काकू वर आल्या आणि मला म्हणाल्या, चल आमच्याबरोबर. मी कशाला, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तू असलीस तर ते मधूनच परत फिरणार नाय. त्यात खरं काय होतं ते रिक्षात बसल्यावर कळलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि रस्त्यात प्रत्येक फाट्याला रिक्षावाल्याला सांगत होते की जरा हळू घे.

गाव लहानसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील टांगलेले. काकूंचे भाऊ घरापुढच्या मांडवात जाळं दुरुस्त करत होते, सोबत आणखी तिघेचौघे. काकांना पाहिल्यावर बाकीच्यांचे हात थांबले. भावाचे थांबले नाहीत. काकूंची भावजय पाणी घेऊन आली. काकांनी ते घेतलं, पण प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून उभे राहिले. बसा, असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं. सुनावणीत मी मीटरचं बोललो, फाट्याचं बोललो नाही, असं. फाटा कुठे होता, कितीचा पाइप होता, कधी उघडायचे, सगळं. मीटरवाला माणूस सांगेल तसंच सांगितलं, एकही गोष्ट पुढेमागे न करता. एकजण मध्येच उठून निघून गेला. त्याने होडी विकली होती, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

सांगून झाल्यावर काकूंच्या भावाने हातातली सुई जाळ्यात खोचली.

"भावोजी, फाटा आमाला म्हायत होता," ते म्हणाले. "आमी होडीतनं बघत होतो ना. तुमी सांगायचे रायले होते."

एवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि काकांनी माफी मागितलीही नाही. भाऊ थोडे सरकले, मांडवात जागा झाली, आणि काका तिथे बसले. मग चहा आला. बोलणं फार झालं नाही. डिझेलचं, जाळ्याच्या दोऱ्याचं, कोणाच्यातरी लग्नाचं. काका दोऱ्याचा पीळ बघत होते आणि त्याविषयी काहीतरी विचारत होते. आम्ही बायका आत होतो. काकू भावजयीजवळ चुलीशी बसून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पामच्या घरात बघितलं नव्हतं.

निघताना भावजयीने काकूंच्या हातात मासळीची पिशवी दिली. परतीच्या रिक्षात ती काकूंच्या मांडीवर होती आणि पाणी गळून त्यांचं लुगडं भिजत होतं. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

फायबर त्याच आठवड्यात बसलं. पांढऱ्या डबीमागे पेटी राहिली आणि काकांनी कॅलेंडरच्या पानावरून ती अक्षरं भरली. दोन ठिकाणी माझ्या लिहिण्यात चूक झाली होती. ती त्यांनी शोधून काढली आणि मला दाखवली. वेग खरोखरच कितीतरी पट होता. माझी ड्रॉइंग बटण दाबताच जायला लागली. वेल्डरांनी सिनेमे बघून घेतले. आता कोणी नेट गेलं म्हणून खाली येत नसे, त्यामुळे काकांच्या दारात उभं राहायचं कारणही राहिलं नाही. मी मात्र संध्याकाळी जाऊन बसायचे, काकूंशी बोलायला.

अशाच एका संध्याकाळी काका पेटीपाशी बसून होते. त्यांनी आत कोण आहे ते विचारलं असावं, मला पडदा दिसत नव्हता. मग ते उठले, ओट्यावरचा काकूंचा फोन घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून नंबर शोधायला लागले. सापडेना म्हणून काकूंकडे दिला. त्यांनी लावून दिला. काका फोन घेऊन अंगणात गेले नाहीत. तिथेच, दारात उभे राहिले.

तिकडून मुलाने घाबरूनच विचारलं असणार की काय बिघडलं, कारण काका म्हणाले, "काय नाय बिघडलं. सगळं चालू हाय. असाच केला फोन."